जेसनमध्ये फोटो आणि सहीचे बाइट कसे पाठवावेत?

पाऊलखूण

नमस्कार मंडळी,

आमच्या पायथन सर्व्हिसमध्ये एका नोंदीचा ऑब्जेक्ट असतो. त्यात नाव, पत्ता, तारीख, एक छोटा पीएनजी थंबनेल आणि ३२ बाइटची एचमॅक सही (गुप्त की वापरून काढलेली, मजकूर बदललेला नाही हे तपासायची खूण). तो जेसन (माहिती मजकुराच्या रूपात लिहायची रीत) करून एका जावा सर्व्हिसला पाठवायचा आहे. पहिल्याच झटक्याला एरर आली, की बाइट्स प्रकारची गोष्ट जेसनमध्ये सिरीयलाइझ होत नाही. मग ते बाइट यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची नेहमीची पद्धत) म्हणून डीकोड करून पाहिले, तर शून्याव्या जागेवरचा बाइट चालत नाही म्हणून दुसरी एरर. शेवटी डीकोड करताना 'एरर्स'ला 'रिप्लेस' दिलं आणि सगळं चालू झालं. टेस्टही पास झाल्या.

तीन आठवड्यांनी पलीकडच्या टीमने कळवलं, की एकही थंबनेल उघडत नाही आणि एकही सही जुळत नाही. आता बघतो तर टेस्टमध्ये मी फोटोच्या जागी साधा इंग्रजी शब्दच बाइट करून दिला होता. तिथे काही कळणं शक्यच नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे बाइट जेसनमध्ये ठेवायची नीट रीत कोणती? आणि या तीन आठवड्यांत गेलेल्या नोंदी दुरुस्त करता येतील का?

रेघोटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते कटू आहे. त्या जेसनमधून फोटो परत मिळणार नाहीत.

प्रत्येक पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यूटीएफ-८मध्ये १३७ या बाइटने कुठलंच अक्षर सुरू होत नाही, तो फक्त एखाद्या अक्षराच्या पोटात येऊ शकतो. म्हणून तुमची एरर शून्याव्या जागेवरच आली. 'रिप्लेस' दिल्यावर पायथनने त्या बाइटऐवजी यूनिकोडमधलं 'इथे काहीतरी वाचता आलं नाही' असं सांगणारं अक्षर ठेवलं, ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. तेच अक्षर यूटीएफ-८मध्ये लिहिलं की २३९, १९१, १८९ असे तीन बाइट होतात. पलीकडे साठवलेली कुठलीही थंबनेल फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारं साधन) उघडून बघा, तिथले हेक्स आकडे दशमानात वाचले तर सुरुवात २३९, १९१, १८९, ८०, ७८, ७१ अशीच दिसेल. पुढे फाइलभर हेच झालेलं असणार. कुठे १४० होता, कुठे २०३, कुठे २५५. सगळ्यांच्या जागी तेच एक अक्षर बसलं. मूळ बाइट कोणता होता हे सांगणारं काही मागे उरलंच नाही.

पीएनजीची ती आठ बाइटांची ओळख खरं तर अशाच अपघातांसाठी रचलेली आहे, हे मला फार आवडतं. १३७ मुद्दाम १२७च्या वरचा घेतला, म्हणजे वाटेत कुणी आठवा बिट उडवला तर लगेच उघडकीस यावं. १३ आणि १० ही जोडी आणि शेवटचा सुटा १० एवढ्यासाठी, की कुणी ओळ संपायच्या खुणा बदलल्या तर तेही पकडता यावं. त्यामुळे तुमचे फोटो अर्धवट, विचित्र दिसण्याऐवजी उघडलेच नाहीत. बिघाड लपून राहिला नाही.

मूळ फोटो ठेवलेले असतील तर थंबनेल नव्याने काढा. सहीचंही तसंच. सहीची गुप्त की (किल्ली) आणि ज्या मजकुरावर सही केली तो मजकूर हाताशी असेल तर ती पुन्हा काढता येते.

पाऊलखूण

मूळ फोटो आहेत, गुप्त कीसुद्धा आहे. जिवात जीव आला. आजच ती स्क्रिप्ट लिहायला घेतो. पहिल्या प्रश्नाचं सांगा.

उंबरठा

जरा थांबा, इतर कुणी हा धागा वाचत असेल तर एक सांगून ठेवतो. प्रत्येक चूक अशी परतीची वाट बंद करणारी नसते. आमच्याकडे एकाने बाइट्सवर थेट 'एसटीआर' फंक्शन चालवलं होतं. त्याने काय होतं, तर पायथन कोडमध्ये ती गोष्ट जशी लिहिली जाते तशीच्या तशी स्ट्रिंग बनते: सुरुवातीला 'बी', मग अवतरणचिन्ह, आत बॅकस्लॅश-एक्स लावलेले आकडे. जेसनला ही स्ट्रिंग खुशाल चालते. दिसायला ओंगळ, पण माहिती सगळी शाबूत असते. पायथनच्या 'एएसटी' मॉड्यूलमध्ये 'लिटरल इव्हॅल' आहे, त्याने एकूण एक बाइट परत मिळाला. साधं 'इव्हॅल' मात्र चुकूनही वापरू नका, बाहेरून आलेली स्ट्रिंग कोड म्हणून चालेल.

सळसळ

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: लॅटिन-१. यूटीएफ-८ऐवजी लॅटिन-१ने डीकोड करा. त्यात ० ते २५५ प्रत्येक बाइटला एक अक्षर आहे, एरर येतच नाही, आणि उलट एन्कोड केलं की हुबेहूब तेच बाइट मिळतात. एका ओळीचं काम.

मोजपट्टी

सळसळ, काही हरवत नाही हे बरोबर. पण आकार मोजून बघा.

२५६ प्रकारचे बाइट सारख्याच प्रमाणात येतात असं धरू. कॉम्प्रेस केलेल्या फोटोत साधारण तसंच असतं. वरचे १२८ यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी दोन बाइट घेतात, झाले २५६. खालची ३२ कंट्रोल अक्षरं जेसनच्या स्ट्रिंगमध्ये जशीच्या तशी ठेवायला आरएफसी ८२५९ची (जेसनचं मानक) मनाई आहे. त्यातल्या पाचांना दोन अक्षरांचा छोटा एस्केप (बॅकस्लॅशने सुरू होणारी पर्यायी खूण) आहे, म्हणजे १०. उरलेल्या २७ना बॅकस्लॅश-यू धरून प्रत्येकी सहा, म्हणजे १६२. दुहेरी अवतरण आणि बॅकस्लॅश मिळून ४. बाकीचे ९४ जसेच्या तसे. बेरीज ५२६, म्हणजे मूळच्या दुपटीहून किंचित जास्त. त्यापेक्षा हेक्स (प्रत्येक बाइट ०-९ आणि ए-एफ यांतल्या दोन अक्षरांत) बरं, तिथे नेमकं दुप्पट होतं आणि डोळ्यांनी वाचता तरी येतं.

त्यात पायथनचं जेसन मॉड्यूल मुळात अॅस्कीबाहेरचं (साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं सोडून) सगळं बॅकस्लॅश-यू करून लिहितं. ती सेटिंग बदलली नाही तर वरचे १२८सुद्धा प्रत्येकी सहा बाइट खातात आणि हिशेब चारपटीच्या वर जातो.

बेस६४मध्ये (कुठलेही बाइट ६४ साध्या अक्षरांत मांडायची रीत) तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे एक तृतीयांश वाढ. एस्केप करावं लागेल असं एकही अक्षर त्यात नाही. इथे दुसरा विचार करण्यासारखं काही नाही.

सळसळ

हे कधी मोजलंच नव्हतं. धन्यवाद, माझा सल्ला मागे घेतो.

रेघोटी

आकाराइतकंच दुसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. लॅटिन-१ची ती स्ट्रिंग मजकुरासारखी दिसते. मधला कुणीतरी तिला मजकूर समजून शेवटची मोकळी जागा छाटतो, ओळींच्या खुणा 'नीट' करतो, यूनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) चालवतो. त्यांच्या परीने त्यांचं चुकत नाही, स्ट्रिंगवर हेच करायचं असतं. बाइट म्हणजे अक्षर नव्हे. 'हे बाइट कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहेत' हा प्रश्न फोटोला लागूच होत नाही, कारण त्यात मजकूर नाहीच. उलटा प्रश्न विचारायचा: कसलाही बाइट आला तरी तो मोजक्या, निरुपद्रवी अक्षरांत कसा मांडायचा? बेस६४ तेवढंच काम करतं.

नवीपाटी

एक शंका. आमच्या ऑब्जेक्टमध्ये नावं देवनागरीत असतात. तीही अॅस्की नाहीत. मग ती पण बेस६४ करावीत का? आमच्या जुन्या कोडमध्ये तसं केलेलं आहे.

रेघोटी

अजिबात नको. देवनागरी नाव हा मजकूर आहे आणि जेसन मजकुरासाठीच आहे. 'म' हे अक्षर यूटीएफ-८मध्ये २२४, १६४, १७४ असे तीन बाइट घेतं, पण जेसनच्या दृष्टीने ते एकच अक्षर आहे, सरळ लिहायचं. बॅकस्लॅश-यू ०९२ई असं लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका, वाचणाऱ्याला 'म'च मिळतो. बेस६४ केलंत तर लॉगमध्ये नाव वाचता येणार नाही, शोध चालणार नाही, क्रमाने लावता येणार नाही, आणि हाती काहीच लागणार नाही.

काटेकोर

पाऊलखूण, पलीकडे जावा आहे म्हणालात म्हणून हे लिहितोय. 'बेस६४ पाठवतो' एवढं बोलून दोन टीमचं काम भागत नाही. अक्षरं आणि अंक मिळून ६२ होतात. उरलेली दोन कोणती, यावरच सगळा तंटा आहे.

आरएफसी ४६४८मध्ये दोन वर्णमाला आहेत. नेहमीच्या मालेत ती दोन अक्षरं म्हणजे अधिकचं चिन्ह आणि स्लॅश. यूआरएलसाठीच्या मालेत त्यांच्या जागी आडवी रेघ आणि अंडरस्कोर. आमच्याकडे सही जेसनमधून नीट जायची, पण तीच सही एका लिंकमध्येही जायची. फॉर्मच्या नियमाने लिंकमधलं अधिकचं चिन्ह पलीकडे मोकळी जागा होऊन पोचतं. परिणाम असा, की काही लिंक चालायच्या, काही नाही. आम्ही आठवडाभर वेळेच्या गणितात, कॅशमध्ये, लोड बॅलन्सरमध्ये चूक शोधत होतो. नंतर हिशेब केला: ३२ बाइटच्या सहीची ४३ अक्षरं होतात, शिवाय शेवटी एक बरोबरचं चिन्ह. त्यात निदान एक अधिकचं चिन्ह असण्याची शक्यता जवळपास निम्मी. लिंकही जवळपास निम्म्याच बिघडत होत्या, आणि तो इशारा आम्हाला वाचता आला नाही.

पायथनमध्ये यात आणखी एक खाच आहे. डीकोड करणारं नेहमीचं फंक्शन आपल्या मालेत नसलेली अक्षरं मुकाट्याने गाळून टाकतं. यूआरएलच्या मालेतली स्ट्रिंग त्याला दिली तर आडव्या रेघा आणि अंडरस्कोर उडतात. लांबी जुळली नाही तर पॅडिंगची (शेवटी भरतीला लावलेली बरोबरची चिन्हं) एरर येते. पण नेमकी चार अक्षरं उडाली तर एररसुद्धा येत नाही, हाती चुकीचे बाइट येतात. म्हणून 'व्हॅलिडेट' चालू ठेवायचंच.

खिडकीपाशी

काटेकोर यांनी लिहिलंय त्याला जोडून ओळी तोडण्याचं. ईमेलच्या काळात ओळीची लांबी मर्यादित ठेवावी लागायची, म्हणून माइमच्या नियमात बेस६४ची ओळ जास्तीत जास्त ७६ अक्षरांची. ती सवय आजही ठिकठिकाणी टिकून आहे. पोस्टग्रेसचं 'एन्कोड' फंक्शन ७६ अक्षरांवर ओळ तोडतं, लिनक्सवरची बेस६४ कमांडही तोडते. ती स्ट्रिंग जेसनमध्ये घातली की मध्ये बॅकस्लॅश-एन येतात. जावाचा साधा डीकोडर त्यावर लगेच एरर देतो, माइमचा डीकोडर त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

लहान फाइलवर टेस्ट केली तर हे दिसतच नाही. ५७ बाइटांपर्यंत एकच ओळ होते. तुमची ३२ बाइटची सही सुखरूप जाईल आणि थंबनेल अडकेल.

अर्धविराम

मी रोज तीन-चार भाषांतून काम करते, आणि प्रत्येक भाषेच्या लायब्ररीची बाइट्सबद्दलची समजूत वेगळी आहे. जावात जॅक्सन बाइटचा ॲरे आपणहून बेस६४ करतं. जीसन मात्र त्याचे आकडे लिहितं, आणि जावाचा बाइट उणे १२८ ते १२७ असल्यामुळे पीएनजीचा पहिला आकडा १३७ऐवजी उणे ११९ दिसतो. डॉटनेट आपणहून बेस६४ करतं. जावास्क्रिप्टमध्ये यूइंट८ॲरे दिला तर '०', '१', '२' अशा नावांचा ऑब्जेक्ट बनतो. नोडचा बफर असेल तर 'टाइप' आणि 'डेटा' अशा दोन फील्डचा. आणि नुसता ॲरेबफर दिला तर रिकामा कंस, एरर न देता.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते गो भाषेने. तिथे बाइटची स्लाइस बेस६४ होते, पण ठरलेल्या लांबीचा ॲरे आकड्यांच्या यादीसारखा लिहिला जातो. आणि शा-२५६ या हॅशचं (बाइटांवरून काढलेला ठरलेल्या लांबीचा ठसा) फंक्शन नेमका ३२ बाइटचा ॲरेच परत देतं. एकाच स्ट्रक्टमध्ये फोटो बेस६४ आणि हॅश आकड्यांची यादी! वाचणाऱ्याने काय समजायचं?

मोजपट्टी, आकड्यांच्या यादीचा हिशेब सांगाल का?

मोजपट्टी

० ते ९ एक अंकी, दहा. १० ते ९९ दोन अंकी, मिळून १८०. १०० ते २५५ तीन अंकी, मिळून ४६८. बेरीज ६५८, भागिले २५६, म्हणजे सरासरी २.५७. त्यात स्वल्पविराम मिळवला की बाइटमागे ३.५७ अक्षरं. बेस६४ १.३३.

वळणवाट

वर्णमाला आणि ओळी ठरल्या तरी एक प्रश्न राहतोच: स्ट्रिंग बघून ती बेस६४ आहे हे ओळखायचं कसं? ओळखायचं नाही. चार अक्षरी कुठलाही साधा इंग्रजी शब्द हासुद्धा वैध बेस६४ असतो. 'डीकोड होतंय का बघू, झालं तर बेस६४' असा कोड मी दोनदा काढून टाकला आहे, दोन्ही वेळा कुणाचं तरी साधं नाव डीकोड होऊन कचरा झालं होतं.

ते लिहूनच ठेवावं लागतं. मोठ्या प्रणाल्यांनी काय केलंय ते बघण्यासारखं आहे. कुबरनेटीसच्या कॉन्फिगमॅपमध्ये मजकुरासाठी 'डेटा' आणि बाइटसाठी 'बायनरीडेटा' अशी दोन वेगळी फील्ड आहेत. क्लाउडइव्हेंट्समध्येही 'डेटा' आणि 'डेटा अंडरस्कोर बेस६४' वेगळी. मोंगोडीबीच्या विस्तारित जेसनमध्ये 'डॉलर बायनरी' नावाचा छोटा ऑब्जेक्टच येतो, आत बेस६४ आणि उपप्रकार. जेसन स्कीमातही 'कंटेंटएन्कोडिंग' आणि 'कंटेंटमीडियाटाइप' आहेतच. यॅमलमध्ये तर दोन उद्गारचिन्हं लावून 'बायनरी' असा टॅग भाषेनेच दिलाय, आणि एक्सएमएल स्कीमात 'बेस६४बायनरी' आणि 'हेक्सबायनरी' असे दोन प्रकार.

मी स्वतः फील्डच्या नावातच लिहितो: 'थंबनेल_बेस६४', 'सही_हेक्स'. ३२ बाइटच्या सहीसाठी हेक्सच घ्या असं सुचवेन. ६४ अक्षरं होतात, ४४ऐवजी. पण लॉगमध्ये दोन सह्या शेजारी ठेवून नजरेने जुळवता येतात आणि अधिक-स्लॅशचा तंटाच नाही. फक्त छोटी अक्षरं की मोठी, ते ठरवून घ्या.

काटेकोर

सही जुळवायची असेल तर दोन्ही बाजू डीकोड करून बाइट जुळवा. बेस६४च्या शेवटच्या अक्षरात कधीकधी बिनकामाचे बिट उरतात, आणि सैल डीकोडर दोन वेगळ्या स्ट्रिंगमधून तेच बाइट देऊ शकतो.

नवीपाटी

आमच्याकडे एका ठिकाणी फोटो डीकोड केला तरी पुन्हा अक्षरंच येतात. हे काय असतं?

अर्धविराम

दोनदा बेस६४ झालंय. कोडने एकदा केलं, वर लायब्ररीने आपणहून पुन्हा केलं. जेपेग असेल तर नजरेनेच ओळखता येतं. एकदा केलेला जेपेग 'स्लॅश, ९, छोटा जे, स्लॅश' असा सुरू होतो, कारण त्याचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असतात. दोनदा झाला की सुरुवात 'मोठा एल, छोटा झेड, छोटा एल, छोटा क्यू'. आकारही बघा, मूळच्या पावणेदोन पटीहून थोडा जास्त भरेल.

पाणवठा

थंबनेलपुरतं हे ठीक, पण उद्या कुणीतरी याच फील्डमध्ये ३० एमबीची फाइल घालेल. तिची ४० एमबीची एक सलग स्ट्रिंग होते, बहुतेक पार्सर ती पूर्ण मेमरीत घेतात, मग डीकोड करताना आणखी ३० एमबी. एचटीटीपीवर जीझिप लावलं की वाटेतली वाढ बरीचशी परत निघते, कारण बेस६४च्या प्रत्येक अक्षरात सहाच बिटांची माहिती असते. मेमरीचा भार मात्र तसाच राहतो. मोठ्या फाइली मल्टिपार्टने वेगळ्या पाठवा किंवा कुठेतरी ठेवून जेसनमध्ये पत्ता, लांबी आणि हॅश द्या. दोन्ही टोकं तुमच्याच हातात असतील तर सीबॉर किंवा मेसेजपॅक (जेसनसारख्याच, पण बायनरी पद्धती) बघा, तिथे बाइट हा मुळातच वेगळा प्रकार आहे.

तुकड्या-तुकड्याने एन्कोड करणार असाल तर तुकडा तीनच्या पटीत घ्या. ४०९६ला तीनने भाग जात नाही, एक उरतो. मग प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोन बरोबरची चिन्हं येतात आणि ती जोडलेल्या स्ट्रिंगच्या मध्येच बसतात. ३०७२ किंवा ६१४४ घ्या. मजकुरासारखी दाबली जाणारी माहिती असेल तर आधी कॉम्प्रेस, मग बेस६४. उलट क्रमाने तेच शब्द तीनच्या घडीत कुठे पडतात त्यावर वेगवेगळे दिसतात, आणि कॉम्प्रेसरला पुनरावृत्ती नीट सापडत नाही.

उंबरठा

कळकळीने सांगतो: सगळा ऑब्जेक्ट पिकल (पायथनची ऑब्जेक्ट साठवायची स्वतःची रीत) करून ते बाइट बेस६४मध्ये जेसनला देऊ नका. सोपं वाटतं, पण पिकल उघडताना त्यातला कोड चालू शकतो. बेस६४ने त्याला कसलंच संरक्षण मिळत नाही, ते कुलूप नाही, कुणीही उघडू शकतो. पासवर्ड बेस६४ करून 'लपवलेले'ही मी पाहिलेत.

पाऊलखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहितो.

फील्डची नावं बदलली: 'थंबनेल_बेस६४' आणि 'सही_हेक्स'. दोन्ही टीमच्या कागदावर एक परिच्छेद लिहिला: नेहमीची माला, पॅडिंगसह, ओळी न तोडता, हेक्स छोट्या अक्षरांत. पायथनमध्ये बेस६४ करणारं फंक्शन पुन्हा बाइट्सच देतं, तिथे मी लगेच अडखळलो होतो. त्यावर अॅस्कीने डीकोड करायचं असतं. थंबनेलला ६४ केबीची मर्यादा घातली, वर गेलं तर नोंद परत.

टेस्टमधून तो इंग्रजी शब्द काढला. आता ० ते २५५ सगळे बाइट क्रमाने, मग उलट्या क्रमाने, मग ०, १, २, ३ आणि ५८ बाइट लांबीचे तुकडे, आणि एक खरा पीएनजी. पायथनने लिहिलेलं जावाने वाचायचं, जावाने लिहिलेलं पायथनने, आणि दोन्हीकडे शा-२५६ जुळला पाहिजे. पहिल्याच फेरीत एक चूक सापडली: शून्य लांबीचा तुकडा. आमच्याकडून रिकामी स्ट्रिंग जात होती आणि जावाकडून परत येताना नल. 'थंबनेल नाही' आणि 'थंबनेल आहे पण रिकामा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंबनेल नसेल तर नल, आणि शून्य बाइटचा थंबनेल स्वीकारायचाच नाही, असं ठरलं.

तीन आठवड्यांच्या नोंदींपैकी सह्या काल रात्री पुन्हा काढून झाल्या, सगळ्या जुळल्या. थंबनेलची स्क्रिप्ट अजून चालू आहे. ज्या फाइलची सुरुवात २३९, १९१, १८९ने होते तेवढ्याच बदलतोय, रेघोटी यांनी सांगितलेली ती खूण तिथेच उपयोगी पडली.

रेघोटी

बदलायच्या आधी जुन्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. आणि फाइल १३७ने सुरू होत असेल तरी एकदा पूर्ण उघडून बघा.

पाऊलखूण

प्रत ठेवलीय. उघडून बघण्याची पायरी आत्ता घातली.